ओल्या फडक्याखालची पाटी

नाटकाच्या जाहिरातीत प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळणाऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं, आणि जागा कमी पडली तर येतच नाही. सीतारामचं नाव बहुतेक वेळा जागेअभावी गेलं. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. विंगेत उभं राहायचं आणि आपला हुक्का, आपली तलवार, आपलं पत्र उजेडात जाताना बघायचं, एवढ्यावर या माणसाचं पोट भरायचं. लग्नाच्या वयात तो दौऱ्यावर होता. दौरे संपले तेव्हा लग्नाचं वय संपलं होतं.

त्याचे दोन नियम होते. नटाच्या हातात कोरा कागद द्यायचा नाही, हा पहिला. पत्र असेल तर त्यात खरोखर पत्र लिहिलेलं असलं पाहिजे. "कोऱ्या कागदावर फिरणारे डोळे खोटे दिसतात," तो म्हणायचा, "आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईला ते बरोबर कळतं." दुसरा नियम मातीच्या वस्तूंचा. हातात रोज येणारी वस्तू भाजून घ्यायची. कच्ची माती ट्रकच्या हादऱ्यात टिकत नाही. हा दुसरा नियम आठवला की आजही कसबा पेठेतल्या त्याच्या खोलीत त्याच्या हातातला चहा गार होतो.

नट आप्पासाहेबांशी त्याचा जीव जडला तो 'ऊरचा कोठारी' या नाटकात. आप्पासाहेबांचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून उपयोग नाही, आणि ज्यांनी ऐकला त्यांना सांगायची गरज नाही. नाटक होतं चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरमधल्या ऊर नावाच्या शहरातलं. दोन नद्यांमधला तो मुलूख, आजच्या इराकच्या बाजूचा. तिथली माणसं ओल्या मातीच्या तळहाताएवढ्या पाट्या करून त्यावर बोरूनं खुणा दाबायची आणि रोजच्या नोंदी ठेवायची. कोणत्या विणकरणीला किती जव दिलं, कोणाला तेल, मेंढ्या किती, कोण आजारी, कोण पळून गेली, कोण मेली. पाट्या बहुतेक कच्च्याच, उन्हात वाळवलेल्या. काम झालं की पाण्यात सोडायच्या, पुन्हा माती तयार.

"मग इतक्या टिकल्या कशा?" सीतारामनं तालमीत नाटकाच्या लेखकाला विचारलं होतं.

"काही गावांना आग लागली," लेखक म्हणाले. "घरंदारं गेली आणि पाट्या भाजून निघाल्या."

सीतारामला ते काही बरं वाटलं नाही. माणसं राहिली नाहीत आणि जव किती होतं ते राहिलं, हे त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

आप्पासाहेब कोठाऱ्याचं काम करायचे. रंगमंचावर त्यांना पाटीमागून पाटी वाचायची असे, आणि असल्या याद्या कोणाला पाठ होणार? सीतारामनं बांबूची काडी तासून मातीवर खरोखरच त्या याद्या दाबल्या. अक्षर देवनागरीच, पण पाचरीसारख्या खुणांनी जोडलेलं. समोरून बघणाऱ्याला सुमेर, हातात धरणाऱ्याला मराठी. कोठाऱ्याचं एक वाक्य त्या काळी घराघरांत गेलं. कोणी कसलाही वाद घातला की तो पाटी उचलून शांतपणे म्हणायचा, "मातीवर आहे ना? मग झालंय." आणि शेवटच्या अंकात एक खोटी पाटी सापडते तेव्हा तो ती लिहिणाऱ्याच्याच हातात देतो. "ज्यानं दाबली, त्यानंच फोडायची." पाटी फुटायची आणि नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची.

नाटकं थांबली. आप्पासाहेब मुलीकडे, पूर्णिमाकडे, वारज्याला सातव्या मजल्यावर राहायला गेले. तिथंच त्यांच्या पत्नी वेणूबाई गेल्या. दिवसकार्य आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं केलं. आणि मग, जणू तेवढ्याचसाठी थांबली होती अशी, त्यांची स्मृती पायरी पायरीनं खाली उतरायला लागली. आधी नावं गेली. मग सकाळची गोष्ट दुपारी जाऊ लागली.

पूर्णिमा आयटीतली. तिनं फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्या, मोबाइलमध्ये गजर लावले. आप्पासाहेब चिठ्ठ्या फाडून टाकायचे. "कोणाचं अक्षर आहे हे? पुण्यात पाटीला काय तोटा आहे! 'दुपारी झोपतो, बेल वाजवू नये' असं लिहिलं म्हणून तो माणूस झोपलेला असतो काय?"

सीताराम भेटायला जायचा. एकदा त्यानं आठवण म्हणून नाटकातली जुनी पाटी नेली. आप्पासाहेबांनी ती हातात घेतली, बोटानं खुणा चाचपल्या आणि ताठ बसले. "विणकरणींचं जव. दिलं का?"

"दिलं, आप्पासाहेब."

"मातीवर आहे ना? मग झालंय," ते म्हणाले, आणि सकाळपासून नाकारलेलं जेवण निमूट जेवले.

तिथून सुरुवात झाली. सीतारामच्या गल्लीत मालनबाई कुंभारीण होती. नाटकाच्या पाट्यांची मातीही तिच्याकडूनच यायची. सीताराम तिच्याकडून मळलेली माती नेऊ लागला. सकाळची गोळी घेतली. आंघोळ झाली. दूध आलं. पूर्णिमा ऑफिसला गेली, संध्याकाळी येईल. तो पाट्या दाबून द्यायचा आणि दिवसभर घर सांभाळणारी मैना त्या वेळेवर पुढं करायची. रात्री पाट्या बादलीत सोडायच्या. कोणाचंही न ऐकणारे आप्पासाहेब मातीचं ऐकत. पूर्णिमा फोनवर रडली. "काका, आज त्यांनी गोळीवरून भांडण केलं नाही हो."

सीतारामला आनंद झाला, आणि आतून थोडी भीतीही वाटली. ज्या माणसाला कोणाचंच खरं वाटत नाही आणि एकाच गोष्टीचं मात्र पूर्ण खरं वाटतं, त्याच्या घरात ती गोष्ट विळीसारखी जपून ठेवावी लागते.

संध्याकाळी मात्र एक प्रश्न यायचा. दिवे लागले की आप्पासाहेब दारात जायचे. "वेणू अजून आली नाही?"

पूर्णिमा सांगायची. ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकायचे. भिंत धरून खाली बसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार, पुन्हा प्रश्न, पुन्हा ती भिंत. एका बाईचं मरण त्या घरात रोज होत होतं.

"काका, एक पाटी करा," शेवटी पूर्णिमा म्हणाली. "आई मावशीकडे गेलीय म्हणून. कात्रजला. उद्या येईल म्हणून लिहा."

"ताई, तेवढं खोटं नको."

"आयुष्यभर खोटंच केलंत की तुम्ही. खोटी तलवार, खोटे दागिने."

"दागिने खोटे होते, ताई. पत्रं खरी होती."

पूर्णिमाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि हातातला डबा तसाच न उघडलेला होता. सीतारामनं खाली बघितलं. त्याच रात्री त्यानं पाटी दाबली. 'वेणू कात्रजला बहिणीकडे गेली आहे. उद्या येईल.' अक्षर सुरेख आलं. इतकं सुरेख, की त्याचं त्यालाच ते नकोसं वाटलं.

ती पाटी तो मालनबाईकडे घेऊन गेला. तिच्या भट्टीत त्या दिवशी पणत्या लागणार होत्या.

"ही भाजायची?" मालनबाईनं पाटी उलटीपालटी केली. "बाकीच्या तर कच्च्याच ठेवता."

"ही रोज लागणार आहे."

"बघा बरं, सीतारामभाऊ. भाजलं की परत माती होत नाही. मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

"चाळीस वर्षं हेच काम केलंय, मालनबाई."

"तुम्ही नाटकातलं केलंय," ती म्हणाली आणि पाटी पणत्यांच्या मध्ये सरकवली.

पहिले काही दिवस घरात सुख नांदलं. आप्पासाहेब संध्याकाळी पाटी वाचायचे, "उद्या येईल" असं स्वतःशी म्हणायचे आणि झोपायचे. मग ते तयारीला लागले. वेणूला भरली वांगी आवडतात म्हणून मैनाला रोज वांगी करायला लावली. कपाटातल्या साड्यांतली एक इस्त्री करून खुर्चीवर टाकून ठेवली. पाटी ते उशाशी घेऊन झोपू लागले. काढून घ्यायला गेलं की मनगट आवळायचे, आणि त्या म्हाताऱ्या बोटांत इतकी ताकद आली कुठून, हे मैनाला कळेना.

मैना वर्ध्याकडची. तिनं सीतारामला फोन केला. "काकाजी, ते रोजच उद्या म्हणते. अन् पूर्णिमाताई घरात आली की असे पाह्यते तिच्याकडे... मले भेव लागते जी."

सीताराम गेला. आप्पासाहेबांनी त्याला गॅलरीत नेलं, दार लोटलं आणि तो जगप्रसिद्ध आवाज अगदी खाली आणला.

"सीताराम, मातीवर आहे, म्हणजे वेणू येणार. येत नाही. याचा अर्थ काय?"

सीतारामनं लोटलेल्या दाराकडे बघितलं.

"कोणीतरी तिला अडवलंय," आप्पासाहेब म्हणाले. आणि काचेआडून, सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या स्वतःच्या मुलीकडे त्यांनी रोखून बघितलं. हीच नजर सीतारामनं शेवटच्या अंकात विंगेतून शेकडो वेळा बघितली होती. तेव्हा ती बघायला लोक तिकीट काढायचे.

त्या आठवड्यात एकदा पूर्णिमाच्या खोलीला बाहेरून कडी लागली. एकदा तिचा मोबाइल तांदळाच्या डब्यात सापडला. आप्पासाहेब झोपलेले बघून सीतारामनं उशाखालची पाटी हळूच काढली आणि बादलीत बुडवली. बराच वेळ तो बादलीजवळ उकिडवा बसून राहिला. पाणी जरासुद्धा गढूळ झालं नाही. पाटी वर काढली तेव्हा ती धुतल्यासारखी लालबुंद चमकत होती. 'उद्या येईल' आधीपेक्षा स्पष्ट वाचता येत होतं. त्यानं ती पुसून पुन्हा उशाखाली सरकवली. तिथं ती नाही असं आप्पासाहेबांना कळलं असतं तर संशय कोणावर गेला असता, हे त्याला ठाऊक होतं.

आणि मग एका दुपारी, मैना गॅलरीत कपडे वाळत घालत असताना, आप्पासाहेब निघाले.

सोसायटीत शोधलं, मुठेच्या कडेनं शोधलं, पोलिसांना फोटो दिला. पूर्णिमा पुलावर उभी राहून खाली बघत होती, आणि ती काय बघत होती हे सीतारामनं विचारलं नाही. त्याच्या डोक्यात एकच शब्द होता. कात्रज. आपणच दाबलेला.

तो रिक्षा करून निघाला. कात्रजच्या बसथांब्यावर बाकड्याच्या टोकाला आप्पासाहेब बसले होते. एका पायात चप्पल नव्हती, टाच फाटून रक्त सुकलेलं होतं, ओठांना पापुद्रे आले होते. मांडीवर पाटी. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे ते मान वर करून बघत आणि मान खाली घालत. कॉलेजची दोन मुलं लांबून मोबाइलवर चित्रण करत होती. समोरच्या रस्त्यावरून ट्रक असे चालले होते, की एक पाऊल पुढं पडलं असतं तर पुढची गोष्ट सांगायला काही उरलं नसतं.

सीताराम त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"ही कोणी दाबली?" आप्पासाहेबांनी पाटी पुढं केली.

"मी."

"तू दाबलीस? मग झालंय. मग येईल ती."

तिथं गप्प राहणं सोपं होतं. सीतारामच्या जिभेवर 'हो' आलंही होतं. पण त्याला ती गॅलरीतली नजर आठवली.

"खोटी आहे, आप्पासाहेब," तो म्हणाला. "मी खोटी दाबली. पूर्णिमाताईंनी कोणाला अडवलेलं नाही."

एक बस आली, माणसं उतरली, बस गेली. आप्पासाहेब उठून उभे राहिले. वाकलेली पाठ सरळ झाली, हनुवटी वर आली. आणि वर्षानुवर्षं न ऐकलेला तो आवाज कात्रजच्या त्या गर्दीत घुमला.

"ज्यानं दाबली, त्यानंच फोडायची."

मोबाइल धरलेल्या मुलांचे हात खाली आले. सीतारामनं पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि बाकड्याच्या लोखंडी पायावर आपटली. तिचे तुकडे झाले. नाटकात यानंतर पडदा पडायचा. इथं पडदा नव्हता.

"आता खरी दाब," आप्पासाहेब म्हणाले.

सीतारामच्या पिशवीत मातीचा गोळा होता, ओल्या फडक्यात. तो नेहमीच असे. थांब्याच्या बाकड्यावर त्यानं गोळा चपटा केला, आणि बांबूच्या काडीनं जेमतेम दोन शब्द दाबले. 'वेणू गेली.'

आप्पासाहेबांनी ते वाचलं. बोट फिरवलं. "हो," ते म्हणाले. "मीच अग्नी दिला होता." आणि लहान मुलासारखे त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

"ही कच्चीच ठेवा," पूर्णिमाच्या हातात पाटी देताना सीतारामनं बजावलं. "ज्या दिवशी त्यांना सोसणार नाही, त्या दिवशी पाण्यात सोडा. मी दुसरी करून देईन. पुन्हा मी चूक करणार नाही."

चूक त्यानं केली नाही, हे खरं.

आप्पासाहेब रोज सकाळी ती पाटी वाचायचे, रडायचे, आणि दुपारपर्यंत विसरायचे. संध्याकाळी पुन्हा दारात. पूर्णिमा पाटी दाखवायची, ते पुन्हा वाचायचे. पण आता त्यांची नजर मुलीवर रोखली जात नव्हती. पूर्णिमा दार न लावता झोपू लागली. मैनानं कामावर राहायचं ठरवलं. सगळ्यांना वाटलं, वाईट दिवस टळले. वाईट दिवस टळले असं वाटण्यासारखं वाईट लक्षण दुसरं नसतं.

मैना खाली कोथिंबीर आणायला गेली होती. वर आली तेव्हा जिन्यात धूर होता.

सीताराम पोचला तोवर शेजाऱ्यांनी आग विझवली होती. स्वयंपाकघराची भिंत छतापर्यंत काळी झाली होती. पडद्याच्या जागी नुसत्या कड्या लटकत होत्या. गॅसच्या शेगडीवर मातीच्या कपच्या उडाल्या होत्या. पूर्णिमा ओट्याला टेकून उभी होती आणि एकाच ठिकाणी फडकं फिरवत होती.

आप्पासाहेब खाली, वॉचमनच्या खुर्चीवर शाल पांघरून बसले होते. भुवया जळलेल्या, तळहातांना पट्ट्या. मांडीवर 'वेणू गेली' ही पाटी होती. काळी पडलेली, एक कोपरा तडकून उडालेला. अक्षरांना काही झालं नव्हतं.

"हे काय केलंत, आप्पासाहेब?"

"हातात रोज येणारी वस्तू भाजून घ्यायची. तूच म्हणायचास ना?" ते हसले. "कच्ची ठेवली होतीस. विसरलास. म्हातारा झालास, सीताराम."

जळालेल्या गावांच्या पाट्या टिकतात, हे लेखकाचं बोलणं सीतारामच्या कानात वाजत होतं.

"आता पक्की झाली," आप्पासाहेब म्हणाले. "आता मी विचारणार नाही."

आणि खरंच त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पाटी दिवसभर त्यांच्या हातात असायची, आणि दिवे लागले तरी ते दारात गेले नाहीत. खुर्ची त्यांनी भिंतीकडे वळवून घेतली. बांधलेल्या पट्ट्या सुटल्या, हात बरे झाले, पण घास तोंडाशी नेण्यात त्या हातांना रस उरला नाही. पूर्णिमा म्हणायची, "काका, ते विचारायचे तेव्हा निदान कोणाची तरी वाट बघत होते हो."

एकदा सीताराम शेजारी बसला होता. आप्पासाहेब भिंतीकडे बघतच बोलले.

"वेणूची केलीस तशी माझीही एक पाटी करून ठेव."

"कसली?"

"दाबू नकोस अजून. नुसती माती थापून ठेव. कोरी."

"कोरी वस्तू मी नटाच्या हातात देत नाही, आप्पासाहेब."

"हातात कोण मागतंय? तुझ्याकडे ठेव."

घरी आल्यावर सीतारामनं मालनबाईकडून माती आणली आणि तळहाताएवढी पाटी थापली. आयुष्यातली पहिली कोरी. काडी त्यानं हातात घेतली नाही. पाटीवर ओलं फडकं घातलं आणि ती खिडकीत ठेवली. रोज उठल्यावर, चहाच्याही आधी, तो त्या फडक्यावर पाणी शिंपडतो.

मालनबाई येता-जाता खिडकीतून डोकावते. "काय झाकून ठेवलंय एवढं?"

"काही नाही. माती आहे."

"वाळली की तडकेल बरं का."

"वाळू देत नाही."

"अहो, पण कधी ना कधी तरी तिचं काही करायचं असेल ना? का आयुष्यभर पाणीच पाजणार?"

दुसऱ्या दिवशी सीतारामनं खिडकीला आतून जुनं वर्तमानपत्र लावलं.

काल सकाळी तो फडक्यापाशी उभा असताना मोबाइल वाजला. इतक्या सकाळी पूर्णिमा कधी फोन करत नाही. पडद्यावर तिचं नाव होतं. सीतारामनं नावाकडे बघितलं. मोबाइल वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजू लागला. त्यानं तांब्यात हात बुडवला, फडकं सगळीकडून नीट ओलं केलं, कोपरे आत दुमडले, मातीला कुठं वारा लागत नाही ना हे बोटानं चाचपून बघितलं. मग हात धोतराला पुसला आणि फोन उचलला.